ओव्यांच्या अकरा वह्या आणि माहेरचा रकाना

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवता. गेल्या सहा वर्षांत तुमच्या विद्यार्थ्यांनी माजलगाव, परळी, पाथरी, गंगाखेड या पट्ट्यातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या लिहून आणल्या. ११ वह्या भरल्या, साधारण १,४०० ओव्या आहेत, थोडी मोबाइलवरची रेकॉर्डिंगही आहेत. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) भेट जवळ आली आहे, प्राचार्यांना वेबसाइट नाहीतर ॲप हवंय आणि ४०,००० रुपये मंजूर झालेत. तुम्ही विचारताय: डिजिटल मानव्यविद्येचा (भाषा-साहित्याचा संगणकाच्या मदतीनं अभ्यास करण्याचा) प्रकल्प म्हणून हे कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करू, आणि याला इलेक्ट्रॉनिक साहित्य म्हणता येईल का?

मी लातूरला असतो. जुन्या वह्या, पोथ्या, पुस्तकं, कॅसेटी संगणकावर आणायचं काम १७ वर्षं करतोय. सॉफ्टवेअरचं उत्तर एका ओळीचं आहे: लिब्रेऑफिसचा किंवा गुगलचा साधा तक्ता. एक ओवी, एक आडवी ओळ. ॲप तर करूच नका. दोन वर्षांत अँड्रॉइड पुढं जातं, करून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला जातो आणि ॲप कुणाच्याच फोनवर चालत नाही.

पण तुमची खरी अडचण सॉफ्टवेअरची नाही असं मला वाटतं. बाईनं ओवी म्हटली, मुलानं ती ऐकून वहीत लिहिली, आता तिसरं कुणी ती वही बघून टाइप करणार. दर टप्प्याला काहीतरी गळतं आणि काहीतरी नको ते चिकटतं. काय गळू द्यायचं नाही, हे टायपिंग सुरू व्हायच्या आधी ठरवावं लागतं. ते ठरवायला आपण या ओव्यांना पुढं काय विचारणार आहोत, याचा थोडा तरी अंदाज हवा.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या वह्यांतलं माझ्याकडं काही नाही, म्हणून ही ओवी मीच जुळवली आहे, कुण्या बाईच्या नावावर खपवत नाही:

पहिली माझी ववी, गाते इठ्ठलाच्या नावा
माझ्या माहेराच्या वाटं, गोदाबाईचा इसावा

आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा हुशार पोरगा हे वहीत कसं उतरवतो? "पहिली माझी ओवी, गाते विठ्ठलाच्या नावा, माझ्या माहेराच्या वाटेवर, गोदाबाईचा विसावा." शुद्धलेखनाचे मार्क जाऊ नयेत म्हणून आपणच त्याला अशी सवय लावलेली असते. 'वाटं'चं 'वाटेवर' झालं की ओळीत दोन अक्षरं वाढतात आणि जात्याच्या फेऱ्यात ती बसत नाही. 'ववी'ची 'ओवी' झाली की बाई कोणत्या भागातली, हे सांगणारी खूण पुसली जाते. उलट सगळं जसंच्या तसं ठेवलं, तर 'विठ्ठल' शोधणाऱ्याला 'इठ्ठल' सापडणार नाही, 'विसावा' शोधणाऱ्याला 'इसावा' सापडणार नाही.

म्हणून माझ्याकडं दोन रकाने असतात. एकात 'म्हटलं तसं', दुसऱ्यात 'प्रमाण रूप'. पहिल्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरा फक्त शोधण्यासाठी, त्यात काय हवं ते सुधारा. पाश्चात्त्य विद्यापीठांत ग्रंथ संगणकावर आणण्यासाठी टी.ई.आय. नावाची खुणांची पद्धत १९८७ पासून घडत आली आहे. त्यातही मूळ रूप आणि नियमित रूप शेजारी शेजारी ठेवायची सोय आहे. तुम्हाला आज ती शिकायची गरज नाही. तक्ता नीट असला तर त्यातून टी.ई.आय. पुढं कुणीही काढून घेईल. तक्ता विस्कटलेला असेल तर मात्र कुठलीच पद्धत उपयोगाची नाही.

वही बघून टाइप करताना मुलं मोबाइलवर बोलून टाइप करतील. वेग चांगला येतो, मोह होतोच. पण बोलून टाइप करण्याची यंत्रणा प्रमाण मराठीवर पोसलेली असते, तिला 'इठ्ठल' म्हटलं की ती बहुतेक वेळा 'विठ्ठल' लिहून मोकळी होते. पोरगा काही सुधारत नाही तेव्हा मशीन सुधारतं. 'प्रमाण रूप' हा रकाना हवा तर बोलून भरा, पहिला मात्र बोटांनीच. सगळे रकाने भरत एक मुलगी तासाला १५ ओव्या करते असा माझा अनुभव आहे, म्हणजे १,४०० ओव्यांना साधारण ९५ तास. त्यावर तपासणीचे निम्मे धरा. चाळीस हजारांतला मोठा वाटा टाइप करणाऱ्या आणि तपासणाऱ्या मुलींना मानधन म्हणून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत. तिच्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा, पण पक्कं ठेवा. माझा पहिला मोठा प्रकल्प भारुडांचा होता आणि तो मी युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टात टाइप करून घेतला होता, कारण छापखान्याला तोच चालायचा. सहा वर्षांनी फाइल उघडली तर सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं. जुन्या फॉन्टाचं युनिकोड करून देणारा परिवर्तक वापरून बरंच परत आलं, पण रफार आणि जोडाक्षरं हातानं दुरुस्त करताना एक उन्हाळा गेला. आज सगळे युनिकोडच वापरतात, तरी त्यातही मराठीचे दोन खड्डे आहेत. 'पायऱ्या', 'हिऱ्याचा', 'वऱ्हाड' यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ आणि हलन्त वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. तसंच 'ॲ'चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत, अजूनही काही कीबोर्ड तेच करतात. ओव्यांत 'ॲ' फारसा यायचा नाही, पण 'हिऱ्या-मोत्या'शिवाय भावाचं कौतुक होतच नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, मग डी दाबून हलन्त. सगळ्या मुलींना हेच शिकवा, आणि शेवटी शोधा-बदला करून एकदा सारखं करून घ्या.

आणि ओवीला क्रमांक देताना '३-२' असं इंग्रजी आकड्यांत लिहू नका. तक्ता त्याची तारीख करून टाकतो. आमच्याकडं ४० भारुडं एका रात्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये गेली होती.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लांबलचक लिहायला बसलो. तुम्ही दिलेल्या नमुन्यात रकाने आहेत: ओवी, गायिकेचं नाव, वय, गाव, तालुका, विषय. गाव म्हणजे कोणतं? जिथं मुलानं तिला गाठलं ते, म्हणजे बहुतेक सासर. पण बाई ओव्या शिकली कुठं? आईच्या, आजीच्या मांडीला टेकून, पहाटेच्या अंधारात, माहेरी. लग्न होऊन ती चाळीस कोसांवर आली तशी ओवीही आली. पुढं सासूच्या, जावांच्या ओव्या त्यात मिसळल्या. त्यामुळं सासरचं गाव घेऊन तुम्ही नकाशा काढलात तर तो मुलांनी कुठं कुठं पायपीट केली याचा नकाशा होईल, ओव्यांचा नाही.

माझ्यावर हे प्रत्यक्ष बेतलंय. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातल्या ओव्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या फार निघाल्या. मी मोठ्या उत्साहानं त्या गावचा आणि रामकथेचा संबंध लावत बसलो, दोन पानं लिहूनही झाली. मग एका म्हातारीनं सहज सांगितलं, "आम्ही तिघी एकाच गावाच्या लेकी हाव, पलीकडच्या." तिघी सख्ख्या-चुलत बहिणी, एकाच वाड्यात दिलेल्या, आणि ओव्या तिघींच्या आजीच्या. ती दोन पानं अजून माझ्याकडं आहेत. नव्या मुलांना दाखवायला बरी पडतात.

तुमच्या भागापुरता एक प्रश्न सुचवतो, त्यावर रकाने तपासून बघा. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. विठ्ठल जनीला दळू लागतो ही गोष्ट जात्याशी इतकी जोडलेली की ओव्यांत ती येणारच. मग गंगाखेडच्या आसपास जनी जास्त येते का? येते ती 'आमच्या गावची' म्हणून येते, की पंढरपूरची म्हणून? आणि गंगाखेडला माहेर असलेली बाई माजलगावात नांदत असेल तर तिच्या ओव्यांत काय होतं? १,४०० ओव्यांवर या प्रश्नाचं काहीतरी उत्तर नक्की मिळेल. पण माहेरचा रकाना असेल तरच. म्हणून गावाचे दोन रकाने करा, शक्य असेल तर तिसरा: 'ही ओवी कुणाकडून शिकली'. त्याचं उत्तर पुष्कळदा "काय की बाई" असं येतं. तेही तसंच लिहा.

ओवी कशी म्हटली गेली याचाही एक रकाना हवा. आता गावोगाव गिरणी आहे. जातं असलंच तर लग्नातल्या हळदीपुरतं, नाहीतर अंगणात पालथं. तुमच्या बहुतेक ओव्या दळताना म्हटलेल्या नसतील, ओट्यावर बसून आठवून सांगितलेल्या असतील. गाऊन आणि सांगून यांत फरक पडतो. सांगताना बाई अर्ध्यात थांबते, 'गं बाई' गाळते, दुसरी ओळ आधी सांगते.

संमतीबद्दल दोन शब्द, कारण वेबसाइट म्हटलं की हे आलंच. ओवीत सासू येते, नणंद येते, दारुडा नवरा येतो, सवत येते. बाईनं ते मुलीला विश्वासानं सांगितलेलं असतं. तेच नावागावानिशी नेटवर गेलं की पुतण्याच्या मोबाइलवर येतं. एका आजीनं मला फोन करून सांगितलं होतं, "लेकरा, माझं नाव काढ, सून बोलंना झालीय." त्या दिवसापासून मी संमती तीन प्रकारची घेतो: नाव चालेल, फक्त गाव चालेल, बाहेर काहीच नको. तीही रेकॉर्डिंगवर, तिच्या बोलीत. छापील फॉर्मवर अंगठा घेण्यापेक्षा ते सरळ असतं, आणि तिला कळतं आपण कशाला हो म्हणतोय. जुन्या वह्यांतल्या ज्या बायांना आता विचारता येत नाही त्यांचं फक्त गाव ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: पारंपरिक ओवीला लेखक नाही, त्यामुळं शब्दांवर कुणाचा हक्क सांगता येत नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्या बाईचा कलाकार म्हणून हक्क असतो, तो ५० वर्षं. कुणी संपादकानं छापलेल्या संग्रहातून ओव्या उचलू नका, निवड आणि मांडणी त्याची आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं पुढं घ्यायची असतील तर आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं सगळं २०१४ पासून मोकळं. छापील पुस्तकाला टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत मात्र गल्लत करतं. हातानं लिहिलेल्या वह्यांवर त्याचा प्रयोग करत बसू नका, वेळ जाईल.

वह्यांचे फोटो आणि रेकॉर्डिंग मुलांकडून व्हॉट्सॲपवर मागवू नका. फोटो आकसतात, फाइलची नावं बदलतात, आणि कोणत्या बाईचा आवाज कोणत्या ओवीचा हे कायमचं हरवतं. केबल लावा, पेन ड्राइव्ह घ्या.

मोजणीचं काय? तक्ता झाला की अँटकाँकसारखं मोफत साधन लावून कोणता शब्द कुठं कुठं येतो हे बघता येतं. पहिल्यांदा लावाल तेव्हा 'विठ्ठल'चे तुकडे पडलेले दिसतील, कारण अशा साधनांत शब्द म्हणजे काय हे इंग्रजीच्या हिशेबानं ठरलेलं असतं. काना, मात्रा, वेलांटी त्याला अक्षर वाटत नाही. सेटिंगमध्ये टोकनच्या (म्हणजे एक शब्द कशाला धरायचं याच्या) व्याख्येत अक्षरांबरोबर खुणांचा गटही घेतला की शब्द सांधले जातात. दुसरी अडचण मराठीचीच: भाऊ, भावानं, भावाला, बंधू, बंधवाचा हे सगळं एकच नातं, पण यंत्राला पाच शब्द. म्हणून 'कोण आलंय' असा एक रकाना हातानं भरा: भाऊ, आई, सासू, जनी, रामसीता. १,४०० ओव्यांना हे शक्य आहे, आणि हे भरताना ओव्या जेवढ्या वाचून होतात तेवढ्या एरवी होत नाहीत. शब्दांचे ते रंगीत ढग (जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा) काढून प्राचार्यांना दाखवायला हरकत नाही, त्यांना आवडतील. त्यात सगळ्यात मोठा शब्द 'माझ्या' असेल, एवढं मी आत्ताच सांगतो.

विषयांचे गट स्वतः पाडण्याआधी 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह जरूर बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेलं ते काम, एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यांचे गट जसेच्या तसे घ्यायला हवेत असं नाही, पण आपला गट त्यांच्या कोणत्या गटाशी जुळतो याची नोंद ठेवली तर उद्या दोन्ही संग्रह शेजारी ठेवून वाचता येतील.

आता इलेक्ट्रॉनिक साहित्य. ओव्या वेबसाइटवर ठेवल्या की ते इलेक्ट्रॉनिक साहित्य होत नाही, पीडीएफ केलं तरी होत नाही. त्या नावाखाली येतं ते असं लेखन, जे संगणकासाठीच रचलेलं असतं आणि कागदावर उतरवलं की मोडतं: वाचक फाटा निवडतो, मजकूर त्याप्रमाणं पुढं जातो. गंमत म्हणजे जात्यावर हेच चालतं. पहिली ओवी ठरलेली, पुढची कुठली घ्यायची हे समोरची बाई कोण, मनात काय, यावर. आमच्या एका कार्यशाळेत औशाकडच्या एका मुलीनं ट्वाइन या मोफत साधनात असं दळण रचलं: तुम्ही भाऊ निवडला तर ओव्या दिवाळीकडं जातात, सासू निवडली तर अंधार वाढत जातो, आणि पायलीभर दळून झाल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ट्वाइन शेवटी एकच एचटीएमएल फाइल देतं, ती नेट नसतानाही फोनवर उघडते, देवनागरी नीट दिसते. मुलांना हे जरूर करू द्या. एकेकाळी असं पुष्कळ लेखन फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये झालं आणि २०२० च्या अखेरीस अडोबीनं फ्लॅशचा आधार काढल्यावर ते उघडेनासं झालं, म्हणून साधी फाइल बरी.

फक्त एक पथ्य. मुलांनी रचलेल्या ओव्या गोळा केलेल्या ओव्यांच्या तक्त्यात जाता कामा नयेत. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवल्यासारखी होईल. मुलांची फाइल वेगळी, फोल्डर वेगळं.

वेबसाइट हवीच असेल तर शेवटच्या महिन्यात, साधी पानं, डेटाबेस नको. एका संस्थेसाठी आम्ही देखणी साइट केली होती. समन्वयक सर निवृत्त झाले, डोमेनचं नूतनीकरण कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात होती. म्हणून तक्ता आणि ज्यांची संमती आहे ती रेकॉर्डिंग झेनोडो किंवा इंटरनेट अर्काइव्ह या जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर ठेवा. दोन्हीकडं पैसे लागत नाहीत. झेनोडो कायमचा क्रमांकही देतं, तो नॅकच्या अहवालात चालतो.

बाकी बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे. रेकॉर्डिंग पुष्कळ आणि स्वच्छ असतील तर वह्यांपेक्षा आधी ती ऐका, वहीतली चूक तिथं कळते. नॅकला दोनच महिने असतील तर १,४०० चा नाद सोडा, एका तालुक्याच्या २०० ओव्या नीट करा. आणि मुली मिळत नसतील, सगळं तुम्हालाच करायचं असेल, तर फक्त पहिला रकाना आणि दोन गावं भरा.

माहेरचा रकाना जुन्या वह्यांत रिकामाच निघेल. तो भरायला मुलींना पुन्हा गावात पाठवावं लागेल. श्रावणात पंचमीच्या आठवड्यात पाठवा. तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, फेर धरलेले असतात, आणि कोण कुणाची ओवी म्हणतंय यावरून बायाच आपसात भांडतात. ते भांडण रेकॉर्ड करायला विसरू नका.